चंपीचा स्वांश

वृषाली आरवाडेची जीभ पहिल्यांदा अडखळली ती 'कढी' या शब्दावर. मिरजेतल्या एका मंगल कार्यालयात तालीम चालली होती आणि तिच्या तोंडून 'कढी'च्या जागी 'कली' असं काहीतरी बाहेर पडलं. सगळे हसले. तीस वर्षं लोकांना हसवणारी बाई, तिची चूकही मुद्दाम केलेली वाटायची. तिनं ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं तो शब्दच गाळला आणि पुढं गेली. वृषाली स्वतः एकदाही हसली नाही, हे फक्त खांबाला टेकून उभ्या असलेल्या केतकीनं पाहिलं.

केतकी तिची पाठची बहीण, चार वर्षांनी लहान. वृषाली पहिल्यांदा रंगमंचावर उभी राहिली त्या दिवसापासून तिच्या चेहऱ्याला रंग लावायचं काम केतकीचं. दोघींनी लग्नं केली नाहीत; दौरे, तालमी, चित्रीकरणं यांत ती राहूनच गेली. वृषालीची प्रत्येक भूमिका केतकीला तोंडपाठ असायची. पडद्याआड उभी राहून ती आक्काबरोबर ओठ हलवायची, आक्कानं भुवई उडवली की हिचीही उडायची. लोक त्यावरून तिला चिडवत. तिला त्याचं काही वाटत नसे.

तालीम होती ती निहाल तांबोळीच्या चित्रपटाची. निहाल मिरजेचाच, तिशीतला दिग्दर्शक. 'संगीत शापमुद्रा' नावाची शंभर वर्षांपूर्वीची शोकांतिका त्यानं विनोदी करायला घेतली होती. मूळ नाटकात राजाची मुद्रा चोरून कुणीतरी खोटं आज्ञापत्र धाडतं, युवराजाचं डोकं उडतं, राणी विष पिते आणि राजा वेडा होतो. निहालचं म्हणणं असं, की हे सगळं होत असताना त्या राजवाड्यात आणखी शंभर माणसं असणार आणि त्यांना कुणी काही सांगितलेलं नसणार. चारशे पानांचा स्वयंपाक करून वाट बघत बसलेला आचारी. घोडं लंगडल्यामुळं माफीचं पत्र घेऊन रस्ता चुकलेला जासूद. आणि चंपी दासी. मूळ नाटकात चंपीला दोनच वाक्यं आहेत: 'आणलं, राणीसाहेब' आणि 'बाहेरच थांबते.' विषाची वाटी राणीला तीच नेऊन देते, सर्दीचा काढा समजून. निहालच्या चित्रपटाची नायिका ही चंपी होती.

पंधरा दिवसांनी निदान झालं. मोटर न्यूरॉनचा आजार, आणि तोही जीभ, घसा, चेहरा इथून सुरू होणारा. डॉक्टरांनी सरळ सांगितलं. मेंदूकडून स्नायूंना हुकूम पोहोचवणाऱ्या पेशी एकेक करून मरतात. बुद्धी शाबूत राहते, दिसतं, ऐकू येतं, आतून सगळं कळतं. चेहऱ्यावर मात्र काही उमटत नाही. डोळ्यांची हालचाल बहुधा शेवटपर्यंत राहते. गिळणं अवघड होईल, तेव्हा श्वासात ताकद आहे तोवर पोटात नळी बसवून घ्या. उशीर झाला तर ती शस्त्रक्रियाच जिवावर बेतते. एक नवं औषधही त्यांनी सुरू केलं, पण त्याचा उपयोग होईलच असं म्हणवत नाही, हेही सांगितलं.

निहाल घरी आला आणि चाचरत म्हणाला की चित्रपट थांबवू, तुम्ही बऱ्या झाल्यावर बघू. वृषालीनं त्याला काहीतरी उत्तर दिलं, ते त्याला कळलंच नाही. केतकीला ते दुसऱ्यांदा बोलून दाखवावं लागलं.

"आक्का म्हणते, तीस वर्षं तिनं नायिकांच्या मैत्रिणी केल्या. पहिल्यांदा सगळे तिच्याकडं बघणार आहेत. ही चंपी ती करणारच."

वाट निघाली ती डॉक्टर शर्वाणी केळुसकरांमुळं. त्या औषधाच्या डॉक्टर नव्हेत, चेतासंदेशांवर काम करणाऱ्या अभियंता. अशाच रुग्णांसाठी त्यांनी 'पूरक' नावाचं यंत्र बनवलं होतं. त्यांनी ते दोघी बहिणींना स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडून समजावून सांगितलं. माणूस हसतो तेव्हा हसण्याचा हुकूम मेंदूतून निघतो आणि चेहऱ्याच्या चाळीसेक स्नायूंपर्यंत विजेच्या बारीक लहरीसारखा पोहोचतो. ती लहर व्होल्टच्या हजाराव्या भागाहूनही लहान. पण कातडीवर चिकटवलेल्या टिकल्यांना ती कळते, आणि गाल हलायच्या आधी कळते. वृषालीचा हुकूम आता अर्ध्यातच विरत होता. पूरक त्या हुकुमाची सुरुवात ऐकणार, वृषालीच्या तीस वर्षांच्या कामातून ती सुरुवात पुढं कुठं जाते हे शिकणार आणि उरलेलं भरून काढणार. पडद्यावर वृषालीचंच हुबेहूब रूप उभं असेल, ते बोलेल, हसेल, चालेल. ती स्वतः खुर्चीत बसून असेल.

"मग ते काम माझं की यंत्राचं?" वृषालीनं पाटीवर लिहून विचारलं. तेव्हा तिचे हात चालत होते.

डॉक्टर केळुसकर म्हणाल्या की त्यासाठी आकडा आहे, त्याला स्वांश म्हणतात. पडद्यावरच्या अभिनयातला शेकडा किती भाग तुमच्या हुकुमातून आला, ते यंत्र दर क्षणाला मोजतं. आणि चित्रपट मंडळाचा नियम असा होता की कुठल्याही प्रसंगात स्वांश विसाच्या खाली गेला तर त्या भूमिकेपुढं नटाचं नाव देता येत नाही. तिथं 'यंत्रकृत' असं लिहावं लागतं.

पहिल्या दिवशी स्वांश एक्क्याण्णव होता.

चित्रीकरण म्हणजे एक बंद खोली, एक खुर्ची, समोर भिंतभर पडदा. केतकीचं काम तेच राहिलं, फक्त रंगाच्या जागी टिकल्या आल्या. गालांवर, कपाळावर, हनुवटीखाली, गळ्यावर अशा बावन्न टिकल्या ती रोज सकाळी एकेक करून चिकटवायची. यंत्राला चौसष्ट तारा होत्या, बारा रिकाम्या राहत. आक्काला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून केतकी दिवसभर नाकातोंडावर मास्क लावून असे.

आणि चंपी उभी राहिली. फाटक्या तोंडाची, घाईची, सगळ्या राजवाड्याच्या भानगडी माहीत असलेली आणि मुख्य ती गोष्ट माहीत नसलेली चंपी. आचारी तिला विचारी की युवराज जेवायला येणार की नाही, आणि ती म्हणे, "येतील की, डोकं दुखत असंल त्यांचं." निहाल हसून हसून जमिनीवर बसे. खुर्चीतल्या वृषालीच्या ओठाचा डावा कोपरा तेवढा हलायचा.

तिसऱ्या आठवड्यात स्वांश चौसष्टवर आला. पाचव्यात एक्केचाळीस. वृषालीचे हात गेले. पाटी सुटली आणि बुबुळांच्या हालचालीवरून अक्षरं टिपणारी एक पट्टी तिच्यासमोर आली. ती एकेक अक्षर बघायची आणि पट्टीतून सपाट आवाजात शब्द ऐकू यायचा. रोज संध्याकाळी तिचा प्रश्न ठरलेला: आकडा किती? केतकी सांगायची. सातव्या आठवड्यात तिनं सांगितलं, तेवीस.

वृषालीनं डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत. सगळे मोठे प्रसंग अजून बाकी होते.

दुसऱ्या दिवशी एक टिकली नीट चिकटत नव्हती. ती बिघडलीय की काय ते पाहायला केतकीनं ती मास्कखाली स्वतःच्या गालाला लावली. यंत्र चालूच होतं. पडद्यावर चंपी ताटकळत उभी होती आणि तिचं पुढचं वाक्य केतकीच्या ओठांवर सवयीनं आलं. आवाज न करता, नेहमीसारखंच. पडद्यावर चंपी हसली. कोपऱ्यातला आकडा बावीसवरून एकोणतीसवर गेला.

केतकीनं टिकली ओढून काढली. खोलीत डॉक्टर केळुसकर नव्हत्या, निहाल पाठमोरा होता.

काय झालं ते तिला लगेच कळलं. पूरकला फक्त सुरुवात लागते. सुरुवात कुणाच्या गालातून आली हे त्याला कळत नाही, पुढचं सगळं ते वृषालीसारखंच भरतं. आणि वृषाली कुठल्या शब्दाआधी किती थांबते, भुवई आधी उडते की ओठ, हे जगात आणखी कुणाच्या अंगात असेल तर ते केतकीच्या.

तिनं दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी आकडा एकवीस झाला. चौथ्या दिवशी सकाळी तिनं रिकाम्या तारांपैकी सहा तारांच्या टिकल्या मास्कखाली लावल्या, तारा पदराआडून नेल्या आणि खुर्चीच्या मागं, रोजच्या जागी उभी राहिली.

त्या दिवशी स्वांश सदतीस आला.

तिला वाटलं होतं की ती आक्काचं नाव वाचवते आहे. एवढंच. दहा दिवस, सात प्रसंग, आणि मग संपलं. पण त्या संध्याकाळी वृषालीनं आकडा विचारला, केतकीनं सांगितला आणि वृषालीच्या डोळ्यांतून पाणी आलं. पट्टी बोलली, "औषध लागू पडलं."

केतकीनं पदरानं तिचे डोळे पुसले.

पुढचे नऊ दिवस घरात जे चाललं त्याला केतकीकडं शब्द नव्हता. आकडा चाळीसच्या वर राहिला. आचाऱ्याशी चंपीचं भांडण झालं, जासूदाला ती तिसऱ्यांदा चुकीचा रस्ता सांगते तो प्रसंग झाला, आणि निहाल म्हणाला की वृषालीताईंनी आयुष्यात असं काम केलेलं नाही. हे ऐकून केतकीच्या अंगावर काटा आला, आणि तो आनंदाचाही होता याची तिला लाज वाटली. वृषाली मोकळी झाली. तिनं दिवाळीनंतरचे बेत काढले. इस्पितळात तपासणीची तारीख होती, ती तिनं पुढं ढकलायला लावली. नळीचा विषय निघाला तेव्हा पट्टी बोलली, "आकडा वाढतोय. नळी कशाला?"

केतकी म्हणाली की डॉक्टरांनी सांगितलंय, बसवून घेऊ, नको असली तर पुढं काढता येते.

"तुझा विश्वास नाही माझ्यावर."

खरं सांगितलं तर आक्काच्या पायाखालची जमीन जाणार, आणि न सांगता नळीचा हट्ट धरला तर हिला माझं बरं होणं बघवत नाही असा त्याचा अर्थ निघणार. केतकी रोज सकाळी ठरवायची की आज सांगायचं. रोज सकाळी टिकल्या लावायची.

दहाव्या दिवशी दुपारी वृषालीनं शिरा मागितला. गेले दोन महिने ती पातळ पेज आणि फळांचा गाळलेला रस यांवर होती. केतकी नको म्हणाली. वृषालीनं पट्टीवर पुन्हा तेच अक्षर अक्षर जुळवलं, आणि केतकीला तिच्या डोळ्यांत अशी काही भूक दिसली, बऱ्या होणाऱ्या माणसाची, की तिनं मऊ शिरा केला. दुधात कालवला. दोन चमचे गेले. तिसरा गेला नाही.

वृषालीला खोकताही येत नव्हतं. फक्त डोळे मोठे झाले आणि छाती आत ओढली गेली. घरी ठेवलेली नर्स धावली, गाडी आली, इस्पितळात घशातून नळी घातली गेली. शिरा फुप्फुसात उतरला होता. न्यूमोनिया. पाच दिवस ती बेशुद्ध होती आणि पाच दिवस केतकी बाहेरच्या बाकावर बसून होती. निहाल डबा आणायचा, तो तसाच परत जायचा.

सहाव्या दिवशी सकाळी वृषालीनं डोळे उघडले. केतकीनं पट्टी समोर धरली. तिला वाटलं, आक्का पाणी मागेल, किंवा मी कुठं आहे असं विचारेल. बुबुळं सावकाश हलली.

"आकडा किती?"

केतकी खाली बसली. पलंगाच्या दांडीला धरून, तोंड आक्काच्या तोंडासमोर येईल अशी. तिनं मास्क काढला.

"आक्का, तो आकडा तुझा नव्हता. माझा होता. मी माझ्या गालाला टिकल्या लावल्या होत्या. दहा दिवस. औषधानं काही झालं नाही गं. तुझं नाव जाऊ नये म्हणून केलं मी."

वृषालीचा चेहरा हलला नाही. तो हलणारच नव्हता, हे केतकीला माहीत होतं, तरी ती त्यात काहीतरी शोधत राहिली. मग पट्टी बोलली.

"ते हसू तुझं होतं?"

"हो."

"बाहेर जा."

केतकी बाहेर गेली.

त्या दिवसापासून वृषालीनं तिला अंगाला हात लावू दिला नाही. तोंड पुसायचं, कूस बदलायची, केस विंचरायचे, सगळं नर्सनं करायचं. केतकी खोलीत आली की ती डोळे मिटून घ्यायची, आणि डोळे मिटलेल्या आक्काशी बोलायला दुसरा रस्ताच नव्हता. पोटातल्या नळीची शस्त्रक्रिया आता धोक्याची झाली होती. ती केली, निभावली, पण श्वास आणखी खाली गेला आणि नाकावर कायमचं यंत्र बसलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर झालं असतं तर काही महिने जास्त मिळाले असते. किती, असं केतकीनं विचारलं. ते म्हणाले, आता त्याचा काय उपयोग.

डॉक्टर केळुसकरांनाही तिनं स्वतःच जाऊन सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी संगणकावर त्या दहा दिवसांच्या लहरी काढल्या आणि बघत राहिल्या. लहरी अचानक दणकट झाल्या होत्या, हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं. त्यांनीही ते औषधाचं यश मानलं, कारण त्यांनाही ते मानायचं होतं.

"मी हे आकडे औषधाच्या डॉक्टरांकडं पाठवले होते," त्या म्हणाल्या. "ते उद्या आणखी नऊ रुग्णांना दाखवणार होते. त्यांतल्या चौघांच्या नळीचा निर्णय व्हायचाय."

त्यांनी केतकीसमोरच फोन लावला. केतकी भिंतीकडं बघत ऐकत राहिली. स्वतःच्या आणि आक्काच्या पलीकडं आणखी नऊ घरं आहेत, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

राहिला चित्रपट. निहालनं वृषालीला सगळे पर्याय सांगितले. त्या दहा दिवसांचं काम अप्रतिम होतं. ते ठेवून 'यंत्रकृत' लिहिता आलं असतं. किंवा दोघी बहिणींची नावं द्यायला मंडळाकडून परवानगी काढता आली असती. तसा अर्ज त्यानं लिहूनही ठेवला होता. केतकी दाराबाहेर उभी होती. तिला पट्टीचा सपाट आवाज ऐकू आला.

"काढून टाका ते. त्यात मी नाही."

निहाल म्हणाला की ताई, सगळे मोठे प्रसंग त्यात आहेत, अकरा मिनिटं आहेत.

"टाका."

त्यानं ती अकरा मिनिटं टाकली. केतकीला त्यानं बोलावून घेतलं आणि तिच्यासमोर पुसली, कारण वृषालीनं तसं करायला सांगितलं होतं. चंपी आचाऱ्याशी भांडता भांडता नाहीशी झाली. जासूद हवेला रस्ता विचारत राहिला. केतकी शेवटपर्यंत उभी राहिली.

आता एकच प्रसंग उरला होता, तो शेवटचा. राणीला वाटी देऊन चंपी बाहेर येते आणि दाराशी बसून राहते, रिकामी वाटी परत न्यायला. आत राणी मेली आहे. चंपीला ते माहीत नाही. लिहिल्याप्रमाणं चंपीनं तिथं स्वतःशी बडबड करायची होती, सर्दीवरच्या औषधांबद्दल, आणि लोकांनी हसता हसता एकदम गप्प व्हायचं होतं. निहालनं पूरक लावून पाहिलं. स्वांश सात आला. सात म्हणजे जवळजवळ सगळं यंत्राचं. आणि यंत्राला वृषाली फक्त विनोदी माहीत होती. तीस वर्षांच्या कामातून ते तेवढंच शिकलं होतं. पडद्यावर चंपी डोळे फिरवत, नाक मुरडत बडबडली. वृषालीनं ते पाहिलं आणि डोळे मिटले.

मग पट्टी बोलली. तिला विचारायचं होतं की पूरक बंद केलं तर काय होईल.

डॉक्टर केळुसकरांना प्रश्न कळला नाही. त्या म्हणाल्या की बंद केलं तर पडद्यावर काही भरलं जाणार नाही, तुम्ही जशा आहात तशाच दिसाल. मग त्यांच्या लक्षात आलं. "आणि स्वांश मोजायचा प्रश्न येणार नाही. जे दिसेल ते सगळं तुमचं."

"बाकी प्रसंगांत किती कमीत कमी?"

"एकवीस."

"मग नाव राहतं."

निहालनं एक खराखुरा कॅमेरा मागवला. खोलीत राजवाड्याचं एक दार उभं केलं, पायरी केली, पाठीला न दिसणारा आधार दिला. डॉक्टर म्हणाले की नाकावरचं श्वासाचं यंत्र दोन मिनिटं काढता येईल, त्याहून एक क्षण जास्त नाही. सगळं ठरल्यावर वृषालीनं पट्टीवर नर्सला सांगितलं की केतूला बोलव.

चोवीस दिवसांनी पहिल्यांदाच केतकी समोर आल्यावर वृषालीनं डोळे मिटले नाहीत.

"टिकल्या नकोत," पट्टी म्हणाली. "रंग लाव."

केतकीनं पेटी उघडली. गालांना सावळेपणा दिला, कपाळावर गोंदण काढलं, केसांना थोडी धूळ लावली. आक्काच्या कातडीखाली आता काही उरलं नव्हतं, हाडंच लागत होती बोटांना. गोंदण पहिल्यांदा वाकडं आलं. तिनं ते पुसून पुन्हा काढलं. वृषाली तिच्याकडं बघत होती. त्या बघण्यात काय होतं ते केतकीला वाचता आलं नाही. तीस वर्षं तिनं हा चेहरा वाचला होता, आणि आता त्यात वाचायला डोळ्यांखेरीज काही नव्हतं.

दृश्य सुरू झालं. नर्सनं श्वासाचं यंत्र काढलं आणि ती बाजूला झाली. चंपी दाराशी बसली होती. मांडीवर हात, हातांत काही नाही. ती समोर बघत होती. मग तिची नजर दाराकडं गेली, परत आली. वाट बघत असलेलं माणूस बघतं तशी. स्वयंपाकघराकडून आचाऱ्याचा आवाज आला, "चंपे, कढी किती जणांची ठेवू गं?" चंपीनं उत्तर दिलं नाही. तिनं आवाजाकडं नुसतं पाहिलं आणि नजर पुन्हा दाराकडं नेली. छाती वेगानं वर-खाली होत होती. एक मिनिट. दीड. डॉक्टर घड्याळ धरून उभे होते. केतकी कॅमेऱ्यामागं होती आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचे ओठ हलत नव्हते.

दोन मिनिटं झाली तरी निहालनं दृश्य थांबवलं नाही. नर्सनंच पुढं होऊन यंत्र लावलं.

त्यानंतर वृषाली सव्वीस दिवस होती. तोंड पुसायचं काम पुन्हा केतकीकडं आलं. वृषाली तसं काही बोलली नाही, पण नर्स आली की डोळे मिटायची आणि केतकी आली की उघडायची. त्या दहा दिवसांबद्दल दोघी काही बोलल्या नाहीत. एकदाच, केतकी तिची नखं कापत असताना, पट्टी बोलली.

"भांडणाच्या प्रसंगात तुझं टायमिंग चांगलं होतं."

केतकी मान खाली घालून नखं कापत राहिली. तिला रडायचं नव्हतं, कारण हातात नेलकटर होता आणि आक्काचं बोट होतं.

वृषाली एका मंगळवारी दुपारी गेली, झोपेत.

चित्रपट सांगलीत लागला तेव्हा केतकी एकटी गेली. मधल्या रांगेत, कडेची खुर्ची. भर दुपारचा खेळ होता तरी थिएटर भरलेलं होतं. पहिल्या अर्ध्या तासात लोक इतके हसले की पुढची वाक्यं ऐकू येईनात. मग चंपी नाहीशी होते ती जागा आली. निहालनं तिथं चंपीच्या जागी कुणाला घातलं नव्हतं. अकरा मिनिटं सगळे फक्त चंपीला शोधत होते. आचारी दर थोड्या वेळानं दार उघडून विचारी, "चंपी कुठं गेली?" आणि जासूद ज्याला-त्याला रस्त्याऐवजी तेच विचारी. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. दर वेळी हशा मोठा होत गेला. केतकीच्या शेजारची बाई हसून डोळे पुसत होती. त्या हशाच्या मध्ये केतकी दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरून बसली होती.

मग ते दार आलं, ती पायरी आली आणि चंपी दिसली. लोक हसले, चंपी सापडली म्हणून. ती काहीतरी बोलेल म्हणून ते थांबले. ती बोलली नाही. कुणीतरी मागं थोडं हसलं आणि थांबलं. चंपीनं दाराकडं पाहिलं. आचाऱ्यानं कढीबद्दल विचारलं तेव्हा कुणी हसलं नाही. थिएटरात पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. चंपी वाट बघत होती आणि दारामागं काय आहे ते तिच्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं.

पुढच्या रांगेत नऊवारी नेसलेली एक म्हातारी बसली होती. ती शेजारच्या मुलीला हळू बोलायला गेली असेल, पण तिला कमी ऐकू येत असावं, कारण ते सगळ्या थिएटराला ऐकू गेलं.

"अगं, सांगा की तिला कुणीतरी."

कुणी तिला गप्प केलं नाही. केतकीनं पडद्याकडं पाहिलं. आक्काची नजर पुन्हा एकदा दाराकडं गेली आणि तिथंच थांबली.